आठवी बैठक

पहाटे उठून रंकाळ्याला एक पूर्ण फेरी:
हे वाक्य मी आता भूतकाळात बोलते.
पळायचे बूट गॅलरीत आहेत.
डाव्या बुटात देवूनं
एक चमचा, दोन लहान बटाटे
आणि माझ्या टिकल्यांचं पाकीट ठेवलंय.
मी काढलेलं नाही. काढून तरी?

रविवारी रंकाळ्यावर नेते तिला.
दहा पावलं पुढं, सात मागं,
भेळेच्या गाडीसमोर बैठा सत्याग्रह,
मग बदकाच्या मागं अशी सुसाट
की काठ येईस्तोवर
मी माझ्याच जुन्या वेळेचा विक्रम मोडलेला.
कुणी पाहिलं नाही. घड्याळ घरी होतं.

नवरा शिरोलीच्या फौंड्रीत, रात्रपाळीला.
सकाळी येतो तेव्हा भुवयांत काळी वाळू,
तो झोपला की घर कुजबुजत चालतं.
कुजबुजत्या घरात दोरीच्या उड्या मारता येत नाहीत.
बैठका मुक्या असतात, असं मला वाटायचं.

म्हणून बैठका.
म्हशीचं दूध गॅसवर,
ते वर यायच्या आत वीस,
हा माझा माझ्याशीच झालेला करार.
एक. दोन. तीन.
चारला ती उठते. रडत नाही, हाक मारत नाही,
थेट येऊन मांडीला वेटोळं घालते.
पाचवी तिच्यासकट.
सहाव्याला तिला कळतं की हा पाळणा आहे.
सातव्याला म्हणते, "अजू."
आठव्याला दूध उतू जातं.

गेले चार महिने
मी आठव्या बैठकीत आहे.

आमच्या खाली चौगुले आप्पा राहतात.
कान मोडलेले, गुडघे निकामी,
काठी मात्र कायम उगारल्यासारखी धरलेली.
परवा जिन्यात अडवलं:
"काय गं पोरी, रोज आठच?"
मी बघतच राहिले.
"माझ्या डोक्यावर मारतीस न्हवं. मोजतोय मी.
आमच्यात आठ म्हंजे जांभई."

मी म्हटलं, आप्पा, अंगावर अकरा किलो असतंय.
लसीच्या दिवशी काट्यावर बघितलंय, वर दोनशे ग्रॅम.
लाकडाचा मुदगल निमूट असतो,
हा नाक ओढतो,
कानातलं मागतो, मधेच शी करतो.

आप्पा थांबले.
त्यांनी मनात काहीतरी गुणाकार केला असावा.
"मग आठ लई झाल्या," म्हणाले.

तेवढ्यात देवू पायरीवरची मुंगी बघायला बसली.
टाचा जमिनीला, पाठ ताठ, हनुवटी गुडघ्यावर,
कुठं ओढ नाही, कुठं कळ नाही,
जणू माणसानं आधी असंच बसायचं असतं
आणि उभं राहणं ही नंतरची तडजोड.
मुंगी फटीत जाईस्तोवर बसली,
मग हात न टेकता उठली.

"बघितलीस?" आप्पांनी काठीनं दाखवलं,
आवाज एकदम खाली आणून,
तालमीत शिरताना आणत असतील तसा.
"वस्ताद घरात हाय, आन् तू मोबाइलात शिकतीस."

मला मोबाइलबद्दल कसं कळलं विचारायचं राहिलं.
छताला कान असतील तर जमिनीलाही असणारच.

आज गॅस बंद ठेवला.
चहा उशिरा, असं जाहीर करून टाकलं,
ऐकायला जागं कुणी नव्हतं.
टाचा टेकवून, तिच्यासारखं, सावकाश.
पाठीच्या खाली बाळंतपणापासून कुरकुरणारं
ते एक बिजागर पुन्हा कुरकुरलं.
सात. अजू. आठ.
नऊ.

खालून काठीचा एक ठोका.

देवू पाठीवरून घसरली,
फरशीला कान लावला,
मग तळहातानं एक चापटी मारली.
खालून पुन्हा ठोका.
पुन्हा चापटी.
आत नवरा कूस बदलून झोपेत म्हणाला,
दार वाजतंय गं.

वाजू दे.
दहावी राहिली ती राहिलीच.
मी फरशीवर पालथी, तिच्या कानाजवळ कान,
आणि आम्ही दोघी
पुढच्या ठोक्याची वाट बघतोय.